स्टेन गन इतकी बदनाम होती, तर चाळीस लाख का बनवल्या?

विचारणाऱ्यांचे प्रश्न दोन आहेत. ब्रिटिश सैनिक ज्या स्टेन गनला, म्हणजे त्यांच्याच स्वस्त सबमशीनगनला, उघड शिव्या घालायचे, ती दुसऱ्या महायुद्धात चाळीस लाखांच्या घरात का बनवली गेली, हा पहिला. दुसरा घरचा आहे. त्यांचे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतून इटलीच्या आघाडीवर लढले आणि त्यांच्या हातात स्टेन होती असं घरात सांगतात. ते खरं असेल का?

मी फौजेत आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, होतो. स्टेनची पुढची पिढी म्हणजे कानपूरची 1ए1 कार्बाईन माझ्या टेबलावर रोज यायची, आणि जुन्या स्टेनही मी खोलून, पुसून, पुन्हा जोडून पाहिल्या आहेत. त्यावरून माझं ठाम मत असं की स्टेनची निम्म्याहून जास्त बदनामी एकट्या मॅगझिनमुळे, म्हणजे गोळ्या भरायच्या पेटीमुळे, झाली. बाकीची बंदूक ज्या घाईत आणि ज्या तुटवड्यात जन्मली, ते बघता ती अत्यंत हुशारीने केलेली रचना होती. हे पटण्यासाठी 1940 सालापासून सुरुवात करावी लागेल.

युद्धाआधी ब्रिटिश लष्कराला सबमशीनगन, म्हणजे पिस्तुलाच्या गोळ्या भराभर झाडणारी हलकी बंदूक, नकोच होती. अमेरिकेतले गुंड वापरतात ते हत्यार, असा वरिष्ठांचा सूर होता. मे-जून 1940 मध्ये डंकर्कहून सैन्य परत आलं तेव्हा माणसं वाचली, पण तोफा, गाड्या आणि हत्यारांचे ढीग फ्रान्समध्येच राहिले. जर्मन तुकड्यांकडे एमपी 38 आणि एमपी 40 या सबमशीनगन होत्या, आणि जर्मन सैन्य इंग्लिश खाडी ओलांडून कधीही येईल अशी धास्ती होती. मग अमेरिकेकडून थॉम्पसन सबमशीनगन विकत घेणं सुरू झालं. थॉम्पसन मजबूत आणि देखणी, पण सुरुवातीला एका नगाला सुमारे 200 डॉलर मोजावे लागत होते. शिवाय ती अटलांटिक ओलांडून यायची आणि वाटेत जर्मन पाणबुड्या टपलेल्या असायच्या. जहाज बुडालं की पैसाही गेला आणि हत्यारही.

देशात बनवायचा पहिला प्रयत्न म्हणजे लँचेस्टर. जर्मन एमपी 28 समोर ठेवून जॉर्ज लँचेस्टर यांनी ती स्टर्लिंग कंपनीसाठी तयार केली. लाकडी दस्ता, पितळी मॅगझिन-घर, पुढे लांब संगीन लावायची सोय. काम सुबक, पण वेळखाऊ. ती मुख्यतः आरमाराकडे गेली. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच की एमपी 28 ची नक्कल करताना तिच्या मॅगझिनची रचनाही आली, आणि तीच पुढे स्टेनच्या गळ्यात पडली.

1940 च्या अखेरीस मेजर रेजिनाल्ड शेफर्ड आणि हॅरोल्ड टर्पिन हे एन्फिल्डच्या सरकारी शस्त्र विभागाचे दोघे जण कामाला लागले. टर्पिन ड्राफ्ट्समन होते. त्यांनी आधी ट्रिगरची यंत्रणाच इतकी सोपी करून कागदावर मांडली की बाकीची बंदूक तिच्याभोवती उभी राहिली. जानेवारी 1941 मध्ये पहिला नमुना तयार झाला आणि मार्चपर्यंत मंजुरी मिळून ऑर्डरही निघाली. लष्करी खरेदीचा कारभार मी आतून पाहिलेला आहे. एका साध्या स्लिंगच्या बकलाला यापेक्षा जास्त महिने लागतात. शेफर्डचा एस, टर्पिनचा टी आणि एन्फिल्डचा एन जोडून नाव पडलं स्टेन.

आतली गोष्ट अगदी थोडकी आहे. एक नळकांडं, त्यात जड बोल्ट, मागे स्प्रिंग. कॉक केलं की बोल्ट मागे अडकतो. ट्रिगर दाबला की सुटतो, पुढे जाताना मॅगझिनमधून एक राउंड, म्हणजे काडतूस, उचलतो, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या तोंडात) ढकलतो आणि त्याच धक्क्यात फायर होतो. लॉक नाही, वेगळा हॅमर नाही. बोल्टचं वजन हेच त्याचं लॉक. सुटे भाग 47, वजन जेमतेम तीन किलो, मॅगझिन 32 राउंडचं, आणि मिनिटाला साधारण पाचशे राउंडचा वेग. किंमत दहा डॉलरच्या आसपास. एका थॉम्पसनच्या पैशांत वीस स्टेन! वरून गोळी 9 मिलिमीटरची, म्हणजे जर्मनांचीच. शत्रूचा साठा हाती लागला तर तोही चालायचा, आणि हा फायदा पुढे फार मोठा ठरला.

पण स्टेनची खरी करामत ती कोण बनवू शकत होतं यात आहे. नोव्हेंबर 1940 मध्ये बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ भागातल्या बीएसए या बंदुकांच्या कारखान्यावर जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले. 53 कामगार मारले गेले आणि रायफलचं उत्पादन कोलमडलं. सगळी यंत्रं एका छपराखाली ठेवणं किती महागात पडतं, हे देशाला त्या रात्री कळलं. स्टेनला ही अडचण नव्हती. नळी आणि बोल्ट सोडले तर बाकीचं बरंचसं काम पत्रा ठोकून, वाकवून, वेल्डिंग करून होणारं होतं. त्यामुळे सुटे भाग लहानसहान वर्कशॉपमध्ये वाटून द्यायचे आणि एका ठिकाणी आणून जोडायचे, असं जाळं उभं राहिलं. एका जागेवर बॉम्ब पडला तर बाकीच्यांचं काम थांबत नव्हतं.

पहिली मोठी ऑर्डर गेली स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या सिंगर कंपनीकडे. होय, शिलाई मशीनवाली सिंगर, जिची मशीनं आपल्याकडच्या घराघरांत होती. मार्क 1 तिने सुमारे एक लाख बनवल्या. या पहिल्या मॉडेलला पुढे लाकडी पकड होती, तोंडाला चमच्यासारखा फ्लॅश हायडर, म्हणजे फायरची ज्वाळा लपवणारा भाग, होता. मार्क 2 मध्ये हे सगळे लाड गेले आणि जे उरलं तीच आपण फोटोंत बघतो ती स्टेन: उघडी नळी, पाइपसारखा दस्ता, डाव्या बाजूला आडवं मॅगझिन. ती वीस लाखांहून जास्त बनली. फाझाकर्लीची सरकारी फॅक्टरी, बीएसए आणि कॅनडातलं लाँग ब्रँच ही तिची मोठी ठिकाणं. मार्क 3 बनवली लाइन्स ब्रदर्सनी. युद्धाआधी हे लोक ट्रायअँग नावाने मुलांची पत्र्याची खेळणी करायचे, म्हणजे पत्रा वळवून शिवण मारायचं काम त्यांना कुणी शिकवायची गरजच नव्हती. मार्क 3 च्या नळकांड्यावर माथ्याने गेलेली ती उभी शिवण अजून स्पष्ट दिसते. मार्क 4 प्रयोगातच राहिली. 1944 ची मार्क 5 पुन्हा लाकडी दस्ता, पिस्तुलासारखी पकड आणि संगीन घेऊन आली आणि हॉलंडमधल्या आर्नहेमला उतरलेल्या पॅराट्रूपर्सच्या हातात दिसली. तेव्हा घाई ओसरली होती, बनावट सुधारली होती. मॅगझिन मात्र जुनंच.

आता त्या मॅगझिनकडे येतो.

स्टेनच्या मॅगझिनमध्ये राउंड दोन रांगांत असतात, पण वर तोंडाशी येताना त्या दोन रांगांची एक रांग व्हावी लागते. एसटीच्या दारात दोन्ही बाजूंनी माणसं घुसली की मधले दोघे खांद्याला खांदा लावून अडकतात, तसंच इथे होतं. दोन राउंड एकमेकांना आणि भिंतीला घासत वर सरकतात. थोडी धूळ, थोडा गंज, वाळलेलं तेल, की रांग तिथेच थांबते. स्प्रिंगला ढकलायला पुरेसं बळ उरत नाही, बोल्ट पुढे येतो आणि रिकामा बसतो, नाहीतर राउंड तिरका होऊन तोंडात अडकतो. थॉम्पसनच्या मॅगझिनमध्ये दोन्ही रांगा वरपर्यंत दोनच राहतात आणि आलटून पालटून राउंड देतात. म्हणून ते बोटांनी सहज भरता येतं. स्टेनचं मॅगझिन भरायला वेगळं लोडर द्यावं लागायचं. शेवटचे राउंड अंगठ्याने दाबायचे म्हणजे अंगठा सोलून निघायचा.

दुसरी कमजोरी मॅगझिनचे ओठ. वरच्या काठाचे हे दोन वाकवलेले पत्रे राउंडला ठरावीक कोनात धरून ठेवतात. मॅगझिन दगडावर पडलं, पाऊचमध्ये दाबलं गेलं किंवा कुणी त्याचा हातोडीसारखा वापर केला, की ओठ किंचित वाकतो. नुसत्या डोळ्यांना दिसणारही नाही इतका. पण राउंडचा कोन बदलतो आणि बंदूक अडते. आर्मररच्या टेबलावर 'हथियार खराब है' म्हणून तक्रार येते, आणि हत्यार खोलून बघावं तर बोल्ट ठीक, स्प्रिंग ठीक, ट्रिगर ठीक. चांगलं मॅगझिन लावलं की तीच बंदूक बिनतक्रार चालते. कार्बाईनच्या बाबतीत हे मी असंख्य वेळा अनुभवलं, आणि स्टेनचं मॅगझिन कार्बाईनच्या मानाने कितीतरी नाजूक.

जुने सैनिक यावर उपाय शोधून होते. 32 ऐवजी अठ्ठावीस-तीस राउंड भरायचे, म्हणजे स्प्रिंगवर ताण कमी. आणि फायर करताना डावा हात मॅगझिनवर ठेवायचा नाही. फोटो काढून घेताना सगळे मॅगझिनच पकडतात, सिनेमातही तेच दिसतं. पण आडवं मॅगझिन मुठीत धरून खाली ओढलं की ते घरात हलतं, आणि राउंड द्यायचा कोन बिघडतो. योग्य पकड नळीच्या आवरणावर. तिथेही सावध राहावं लागतं, कारण समोरच रिकामं काडतूस बाहेर फेकणारी खिडकी आहे आणि तिच्यात बोट गेलं तर पुढे धावणारा बोल्ट ते सोडत नाही. मार्क 3 मध्ये खिडकीच्या पुढे बोट अडवणारा छोटा पत्रा लावला, तो याच अनुभवातून.

मॅगझिनखेरीज एक दोष असा होता जो मी कधीच माफ करणार नाही. भरलेली स्टेन बोल्ट पुढे असताना हातातून निसटून दस्त्यावर आपटली, की जड बोल्ट झटक्याने मागे जायचा. पूर्ण मागे गेला तर अडकला असता. पण अर्धवट मागे जाऊन परत आला, तर येताना राउंड उचलून फायर करायचा. ट्रिगरला कुणी हात लावलेला नसताना. ट्रकमधून उडी मारताना, खंदकात उतरताना आपलीच माणसं अशा गोळ्यांनी गेली. कॉक केलेला बोल्ट अडकवायला खाच होती, पण पुढे असलेल्या बोल्टसाठी काही नव्हतं. नंतर कॉकिंग हँडल आत दाबून बोल्ट पुढच्या जागी जखडायची सोय केली गेली. तीही सुरुवातीपासून हवी होती.

घाईने केलेल्या उत्पादनाची किंमत फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या दिएप बंदरावर ऑगस्ट 1942 मध्ये झालेल्या हल्ल्यात कॅनेडियन सैनिकांनी मोजली. त्यांच्या हातात स्टेन नुकत्याच आल्या होत्या, धारा काढून, घासून, फायर करून जुळवायला वेळ मिळाला नव्हता, आणि त्या किनाऱ्यावर पटापट अडल्या. त्याआधी 27 मे 1942 ला प्रागमध्ये सगळ्यात गाजलेला प्रसंग घडला होता. नाझी सत्तेचा तिथला प्रमुख राइनहार्ड हायड्रिख याच्या उघड्या मोटारीसमोर योझेफ गाबचिक स्टेन घेऊन उभा राहिला, ट्रिगर दाबला आणि गोळी सुटलीच नाही. साथीदार यान कुबिशने बॉम्ब फेकला म्हणून मोहीम तडीस गेली. हायड्रिख 4 जूनला मेला. इतिहासातल्या इतक्या नेमक्या क्षणी अडलेली बंदूक म्हणून स्टेनच्या माथी तो डाग कायमचा बसला.

मग सैनिकांनी तिला 'प्लंबरचं दुःस्वप्न' म्हटलं, वूलवर्थच्या स्वस्त दुकानातला माल म्हटलं, यात नवल नाही. पण तीच बंदूक व्याप्त युरोपातल्या लोकांसाठी काय होती, तेही त्याच तराजूत घाला. मार्क 2 ची नळी, दस्ता आणि मॅगझिन क्षणात वेगळे होतात. सगळं मिळून एका पिशवीत मावतं. रात्री विमानातून पॅराशूटने खाली सोडलेल्या डब्यांत या स्टेन फ्रान्स, डेन्मार्क, नॉर्वेमधल्या भूमिगतांपर्यंत पोचत. शिकवायला फार वेळ लागत नसे, गोळ्या जर्मनांकडूनच मिळत. डेन्मार्क आणि नॉर्वेत चोरून तिच्या नकला झाल्या. पोलंडमध्ये तर वात्स्वाव्ह झाव्ह्रोत्नी आणि सेवेरिन व्हिएलानिएर या दोन अभियंत्यांनी आतून स्टेन आणि बाहेरून एमपी 40 अशी 'ब्विस्काव्हित्सा', म्हणजे वीज, नावाची बंदूक रचली. वेल्डिंगची ठिणगी आणि आवाज लपवणं कठीण, म्हणून तिचे भाग स्क्रूने आणि आट्यांनी जोडले. जर्मन गस्तीच्या नाकासमोर अशा सुमारे सातशे बंदुका तयार झाल्या आणि 1944 च्या वॉर्सा उठावात लढल्या. बंदिस्त शहरात तळघरात बसून हत्यार घडवणाऱ्या त्या कारागिरांबद्दल मला अपार आदर आहे. आवाज दाबणारी मार्क 2 एसही अशाच कामांसाठी होती. तिची पुढची जाड नळी इतकी तापायची की वर कॅनव्हासची पट्टी गुंडाळलेली असे.

आणि शेवटी जर्मनांनीच तिची नक्कल केली. 1944 मध्ये माउझर कंपनीने मार्क 2 ची हुबेहूब प्रत हजारोंच्या संख्येने काढली, ब्रिटिश शिक्क्यांसकट. युद्धाच्या अखेरीस एमपी 3008 आली. ती स्टेनच होती, फक्त मॅगझिन आडवं न लावता खाली उभं. अचूक यंत्रकामाचा अभिमान बाळगणारा देश जेव्हा कच्चा माल आणि वेळ दोन्ही संपल्यावर शत्रूच्या पाइपकडे वळतो, तेव्हा शेफर्ड आणि टर्पिन यांनी 1941 मध्येच काय ओळखलं होतं ते कळतं.

आता आजोबांच्या स्टेनबद्दल. इटलीत असतील तर ती बहुधा थॉम्पसन असावी, ज्याला सगळे टॉमी गन म्हणत. भूमध्य समुद्राच्या आघाडीवर ब्रिटिश आठव्या आर्मीकडे थॉम्पसन आधीच रुळलेली होती. तिच्या पॉइंट 45 गोळीचा पुरवठा बसलेला होता, शेजारी अमेरिकन सैन्यही तीच गोळी वापरत होतं. पुरावा आपल्याच घरचा आहे. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, तिसरी बटालियन, पाचवी मराठा. 10 जुलै 1944 ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे पडले, तेव्हा ते एकटे मशीनगनवर धावून गेले. ग्रेनेडने गन बंद केली, टॉमी गनने एकाला टिपलं, आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार केलं. मग शत्रूच्या स्नायपरच्या गोळ्यांनी ते पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुसरे संगमनेरकडचे, निमजचे नामदेव जाधव, पहिली बटालियन. 9 एप्रिल 1945 ला सेनिओ नदीवर जखमी साथीदारांना उचलून आणल्यावर त्यांनी मशीनगन मोर्चावर टॉमी गननेच हल्ला केला. हाताला गोळी लागल्यावर बंदूक टाकून ग्रेनेड वापरले. दोघांच्याही सन्मानपत्रात टॉमी गन असंच लिहिलं आहे. आर्मरर म्हणून एक सांगतो, घाडगे यांच्या हातात मार्क 2 स्टेन असती तर तो पाइपचा दस्ता असा घाव घालायला कामाचा नव्हता. घरात फोटो असेल तर मॅगझिन बघा. बंदुकीच्या खाली उभं असेल तर थॉम्पसन, डावीकडे आडवं असेल तर स्टेन. आजोबा नंतर काश्मीरला गेले असतील तर मात्र स्टेन हातात असणं अगदी शक्य आहे, आणि आठवणीत दोन्ही मोहिमा एकत्र होतात.

काश्मीरची ती लढाई म्हणजे स्टेनच्या बाजूने मी देईन अशी साक्ष. 6 फेब्रुवारी 1948, नौशेराजवळचं तैनधार. पहिल्या राजपूत बटालियनचे नाईक जदुनाथ सिंग यांची पिकेट, म्हणजे पुढची चौकी, हल्ल्यामागून हल्ले सोसत होती. सोबतचे सगळे मेले किंवा घायाळ झाले. तिसरा हल्ला आला तेव्हा स्वतः जखमी असलेले जदुनाथ सिंग स्टेन घेऊन मोर्चातून एकटेच बाहेर पडले आणि फायर करत थेट अंगावर गेले. शत्रू गोंधळून मागे हटला. डोक्यात आणि छातीत गोळी लागून ते गेले, परमवीर चक्र. त्याच वर्षी 18 जुलैला टिथवालच्या आघाडीवर कंपनी हवालदार मेजर पीरू सिंग यांच्या हातातही स्टेनच होती. 1962 मध्येही आपले जवान पॉइंट 303 रायफल आणि स्टेन घेऊनच उंचावर उभे होते.

त्या मॅगझिनचं शेवटी काय झालं, ते सांगायचं राहिलं. जॉर्ज पॅचेट नावाच्या अभियंत्याने डॅगनहॅमच्या स्टर्लिंग कंपनीत युद्ध चालू असतानाच स्टेनची जागा घेणारी कार्बाईन तयार केली होती. ब्रिटिश लष्कराने ती 1953 मध्ये स्वीकारली. पॅचेटने बाकीही बरंच सुधारलं. बोल्टवर तिरक्या खाचा दिल्या, म्हणजे आतली माती त्या खरवडून बाहेर टाकतात. पण माझ्या दृष्टीने त्याचं मोठं काम मॅगझिनचं आहे. ते किंचित वाकडं केलं, 34 राउंडचं केलं, आणि राउंडना वर ढकलणाऱ्या भागाच्या जागी दोन छोटे रोलर बसवले. घासत सरकायच्या जागी रोलर फिरू लागले आणि राउंड सुरळीत वर येऊ लागले. हीच बंदूक परवान्यावर कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत 1ए1 कार्बाईन म्हणून बनली. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर तुम्ही ती पाहिली असेल. वर्तमानपत्रं तिला सरसकट स्टेनगनच लिहितात. तिच्यात जुनं स्टेनचं सरळ मॅगझिनही बसतं आणि चालतं. त्यामुळे दोन्ही मॅगझिन एकाच कार्बाईनला लावून फरक बघता येतो. वाकड्या मॅगझिनने ती सहसा अडत नाही. सरळ लावलं, की स्टेनचे जुने रोग त्याच बंदुकीत दिसू लागतात.